अठरा पूर्ण झाल्यावर

नाशिकच्या विशेष शाळेतल्या मुलाला अठरा वर्षं पूर्ण होतात तेव्हा दोन गोष्टी जवळजवळ एकाच वेळी होतात. शाळेच्या पटावरून त्याचं नाव कमी होतं. आणि कायद्याने तो सज्ञान ठरल्यामुळे त्याच्या वतीने सही करण्याचा आईवडिलांचा अधिकार संपतो. पहिली गोष्ट पालकांना ठाऊक असते, तिची धास्ती त्यांनी दोन-तीन वर्षं आधीपासून घेतलेली असते. दुसरी बहुतेकांना बँकेच्या खिडकीपाशी कळते. काल-परवापर्यंत सकाळी डबा भरायचा होता, गणवेश घालायचा होता, दारात रिक्षा यायची होती. आता मुलगा घरी आहे आणि दिवसभर त्याला द्यायला घरात काहीच नाही.

या टप्प्याबद्दल लिहायचं ठरवलं की शाळा, आरोग्य, रोजगार, पेन्शन, कायदा, घर असे सगळेच विषय हाती येतात, आणि त्यातल्या प्रत्येकाला सरकारात वेगळा विभाग आहे. शाळेने मुलाला पुढच्या आयुष्याच्या हवाली करायचं, हे काम मात्र कोणत्याच विभागाच्या यादीत नाही. माझ्या मते साऱ्या प्रश्नाचं मूळ तिथे आहे. बाकीच्या उणिवा पैशाने, इमारतींनी, पदभरतीने भरून काढता येतील. पण सोळाव्या वर्षी त्या मुलाशेजारी बसून ‘पुढे काय करायचं तुला?’ असं विचारणारा माणूस नेमलेलाच नसेल, तर बाकीच्या सोयी त्याच्यापर्यंत पोचणार कशा?

कायदा आपल्याकडे कमी नाही. दिव्यांग हक्क कायदा २०१६ मध्ये झाला आणि १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. १९९५ च्या जुन्या कायद्यात दिव्यांगत्वाचे सात प्रकार होते, आता २१ आहेत. ४० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षण, सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत ५ टक्के जागा, सरकारी नोकऱ्यांत ४ टक्के आरक्षण. महाराष्ट्राने डिसेंबर २०२२ मध्ये दिव्यांग कल्याणासाठी स्वतंत्र विभागही सुरू केला. तरतुदी अशा ओळीने आहेत. एका तरतुदीतून दुसरीत जाण्याचा रस्ता तेवढा आखलेला नाही. अमेरिकेत १९९० च्या शिक्षण कायद्याने शाळांवर बंधन घातलं की मूल सोळा वर्षांचं होईपर्यंत त्याच्या शाळेनंतरच्या आयुष्याची लेखी योजना तयार हवी, आणि ती करताना त्या मुलालाही बैठकीला बोलवायला हवं. अमेरिकेतलं सगळंच आदर्श आहे असं नाही. पण हे काम शाळेचं आहे, एवढं तरी तिथे ठरलेलं आहे.

नाशिकमध्ये या कहाणीची सुरुवात एका आईपासून होते. रजनीताई लिमये यांनी १९७७ मध्ये प्रबोधिनी विद्यामंदिर सुरू केलं. त्यांच्या स्वतःच्या मुलाला बौद्धिक दिव्यांगत्व होतं आणि त्याला घेईल अशी शाळा गावात नव्हती. त्या काळी अशी मुलं घराच्या मागच्या खोलीत वाढत, पाहुणे आले की त्यांना आत नेलं जाई. त्या मुलांना सकाळी गणवेश घालून घराबाहेर काढणं हेच मोठं सामाजिक काम होतं. रजनीताईंनी ते केलं, पुढे शाळेला जोडून संरक्षित कार्यशाळाही आली. कर्णबधिर मुलांसाठी माई लेले श्रवण विकास विद्यालय आणि पडसाद विद्यालय उभी राहिली. दृष्टिहीनांसाठी काम करणाऱ्या नॅबच्या महाराष्ट्र शाखेचं मुख्य कार्यालय आपल्या सातपूरला आहे. नंतर मुक्त विद्यापीठ आलं, ते १९८९ साली. दहावी-बारावी न झालेल्यालाही पूर्वतयारी अभ्यासक्रमातून पदवीकडे नेणारं हे दार नाशिकच्या दिव्यांग मुलांच्या अगदी अंगणात उघडलं. राज्यातल्या कितीतरी जिल्ह्यांपेक्षा नाशिकची पायाभरणी भक्कम आहे.

पण १९७७ मध्ये आठ-दहा वर्षांची असलेली मुलं आज साठीच्या उंबरठ्यावर आहेत. त्यांचे आईवडील एक तर नाहीत, किंवा ऐंशीच्या पुढे आहेत. शाळा मिळवण्याची लढाई ज्या पिढीने जिंकली, तिच्यासमोर आता त्याहून अवघड प्रश्न उभा आहे. विशेष शाळेच्या पालकसभेत कधीही जाऊन बसा, विषय कोणताही असो, शेवटी कोणी तरी आई बोलतेच: ‘आमच्या माघारी ह्याचं काय?’ या प्रश्नाचं उत्तर आई सत्तरीला आल्यावर शोधायला घेतलं तर फार उशीर झालेला असतो. मूल चौदा वर्षांचं असतानाच ते शोधायला घ्यावं लागतं.

स्वतंत्र जगणं म्हणजे काय, याबद्दल आपल्या घरांत एक समजूत घट्ट बसली आहे: जो स्वतःचं स्वतः आंघोळ-जेवण करतो तो स्वतंत्र, बाकीचे परावलंबी. जगातल्या स्वतंत्र जीवन चळवळीची सुरुवातच ही समजूत मोडून झाली. एड रॉबर्ट्स हा तरुण १९६२ मध्ये कॅलिफोर्नियाच्या बर्कली विद्यापीठात शिकायला गेला तेव्हा पोलिओमुळे त्याचं गळ्याखालचं जवळजवळ सगळं शरीर निकामी होतं. रात्री श्वासासाठी त्याला लोखंडी यंत्रात झोपावं लागे, वसतिगृह त्याला घेईना म्हणून तो विद्यापीठाच्या रुग्णालयात राहिला. कपडे घालायला, जेवायला त्याला माणूस लागे. पण तो माणूस कोण असावा, कधी यावा, आज कुठे जायचं, हे एड ठरवायचा. १९७२ मध्ये बर्कलीत दिव्यांगांनीच चालवलेलं स्वतंत्र जीवन केंद्र निघालं, त्याच्या आघाडीच्या लोकांत तो होता. स्वीडनने १९९४ पासून व्यक्तिगत मदतनीस मिळण्याचा हक्क कायद्यातच घातला. संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क करारातलं १९ वं कलम कुठे आणि कोणाबरोबर राहायचं हे दिव्यांग माणसाने ठरवावं असं सांगतं, आणि २००७ मध्ये भारताने तो करार मान्य केला आहे.

ही व्याख्या स्वीकारली की शाळेत काय शिकवायचं हेही बदलतं. अठरा वर्षांच्या मुलीला बुटाची नाडी बांधता येत नसेल तर वेल्क्रोचे बूट घ्यावेत आणि नाडीवर गेलेली दोन वर्षं दुसऱ्या कशाला तरी द्यावीत. कशाला? पैसे ओळखायला. रस्ता ओलांडायला. फोन करायला. पाळीच्या दिवसांत स्वतःची काळजी घ्यायला. कोणी अंगाला हात लावला तर ‘नाही’ म्हणायला, आणि घरी येऊन सांगायला. आणि निवड करायला, जी आपण या मुलांना जवळजवळ कधीच शिकवत नाही. त्यांचे कपडे आई काढून ठेवते, ताट आई वाढते, टीव्हीवर काय लावायचं ते भाऊ ठरवतो. वीस वर्षं ज्याला ‘पोहे की उपमा?’ एवढंही कोणी विचारलं नाही, तो पुढे कुठे राहायचं हे कसं ठरवणार?

या मुलांच्या शिकण्याबाबत विशेष शिक्षक अनुभवाने सांगतात ती गोष्ट इथे कळीची आहे. बौद्धिक दिव्यांगत्व किंवा स्वमग्नता असलेल्या मुलाने वर्गात शिकलेलं कौशल्य बाहेर आपोआप येत नाही. फळ्यापुढे प्लास्टिकच्या नोटांनी बिनचूक हिशोब करणारा मुलगा रविवार कारंजावरच्या दुकानात, मागे गिऱ्हाइकांची रांग असताना, खिशातल्या खऱ्या नोटेकडे नुसता बघत राहतो. म्हणून पैसे दुकानात शिकवायचे, बस बसमध्ये शिकवायची, स्वयंपाक स्वतःच्या घरच्या ओट्यापाशी. जय वकील फाउंडेशनने, म्हणजे १९४४ पासून मुंबईत काम करणाऱ्या संस्थेने, तयार केलेला ‘दिशा’ अभ्यासक्रम राज्यातल्या बौद्धिक दिव्यांगांच्या शाळांत आला, हे चांगलं झालं. प्रत्येक मुलाचं आधी मूल्यमापन, मग त्याच्यापुरतं ध्येय अशी शिस्त त्यात आहे. पण अभ्यासक्रम कितीही चांगला असला तरी पंधरा ते अठरा या वयातला निम्मा शाळेचा वेळ शाळेबाहेर घालवायला शिक्षकाला परवानगी, माणसं आणि बसभाडं हवं. शाळेच्या चार भिंतींत स्वतंत्र जगणं शिकवणं म्हणजे काठावर बसून पोहायला शिकवणं.

अनुभव प्रत्येक दिव्यांगत्वाचा निराळा आहे. दृष्टिहीन मुलाची बुद्धी आणि वाचा शाबूत असते, त्याच्यापुढची अडचण वाटेची आणि कागदाची. स्क्रीन रीडर आणि पांढरी काठी ही दोन साधनं हातात नीट बसली की तो पुण्या-मुंबईलाही एकटा जातो. नाशिककरांनी लक्षात घ्यावी अशी एक बाब इथे आहे. २०१६ नंतरच्या नोटांचे आकार एकमेकांच्या इतके जवळ आले की दृष्टिहीनांना बोटांनी नोट ओळखणं कठीण झालं. नॅब त्यासाठी मुंबई उच्च न्यायालयात गेली, आणि जानेवारी २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेने नोट ओळखून बोलून दाखवणारं ‘मनी’ हे अॅप काढलं. देशाच्या नोटा आपल्या नाशिकरोडच्या प्रेसमध्ये छापल्या जातात आणि त्याच शहरातल्या अंध मुलाला भाजी घेताना विचारावं लागतं की ही शंभराची का पाचशेची. कर्णबधिर मुलांची अडचण याच्या अगदी उलट: ती शहरभर बिनधास्त फिरतात, यंत्रावर उत्तम काम करतात, पण पोलीस ठाण्यात, दवाखान्यात, बँकेत खुणांची भाषा जाणणारं कोणीच नसतं. त्यांची लेखी मराठीही बहुधा कच्ची राहिलेली असते, त्यामुळे ‘लिहून दे’ म्हणणं हा त्यांच्यासाठी तोडगा होत नाही. चाकाच्या खुर्चीवरच्या मुलाचं शिक्षण अनेकदा दुसऱ्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेपाशी थांबतं. या तिन्ही गटांना वाट मोकळी करून दिली तर ते पुढचं बरंचसं स्वतः करून घेतात. बौद्धिक दिव्यांगत्व, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी आणि बहुविकलांगता असलेल्यांना आयुष्यभर सोबत लागते. या लेखाचा भार त्यांच्या बाजूला जास्त पडतो आहे तो त्यामुळे.

आता बँकेची खिडकी. मूल अज्ञान असताना आईच्या पालकत्वाखाली उघडलेलं खातं अठराव्या वर्षी त्याच्या स्वतःच्या नावावर यायला हवं. तिथे सही जुळत नाही, अंगठा चालेल का यावर चर्चा होते, आणि पेन्शनचे पैसे अडकतात. यासाठी १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा आहे. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुविकलांगता या चार गटांतल्या सज्ञान व्यक्तीसाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक समिती पालक नेमते, आणि तिचं प्रमाणपत्र बँकांनी ग्राह्य धरायचं अशी रिझर्व्ह बँकेची सूचना आहे. ज्या पालकांना हे माहीत असतं ते सतराव्या वर्षीच कागद जमवायला लागतात. ज्यांना माहीत नसतं त्यांना कोणी सांगत नाही, कारण शाळेकडून निघतानाचा कागद म्हणजे फक्त शाळा सोडल्याचा दाखला.

पालकत्वाबाबत एक सावधगिरी मात्र हवी. संपूर्ण पालकत्व घेतलं की त्या सज्ञान माणसाचा प्रत्येक निर्णय दुसऱ्याच्या हातात जातो. २०१६ च्या कायद्याने १४ व्या कलमात मर्यादित पालकत्वाची कल्पना आणली: ठरावीक कामापुरतं, ठरावीक काळापुरतं, आणि त्या व्यक्तीशी सल्लामसलत करून. जिथे जमेल तिथे हाच मार्ग बरा. दुसऱ्याच्या हाती सगळं गेलं की काय होऊ शकतं हे महाराष्ट्राने पाहिलेलं आहे. १९९४ मध्ये शिरूरच्या शासकीय गृहातल्या बौद्धिक दिव्यांग मुलींची गर्भाशयं पुण्याच्या ससून रुग्णालयात काढण्यात आली, कारण पाळीच्या दिवसांत त्यांना सांभाळणं जड जातं. महिला संघटनांनी रान उठवलं तेव्हा ते थांबलं. आज दिव्यांग व्यक्तीच्या संमतीशिवाय तिला वंध्यत्व आणणारी शस्त्रक्रिया करता येत नाही असं कायदा सांगतो. पण घरोघरी मुलींच्या बाबतीत त्या भीतीची दुसरी रूपं चालूच आहेत. मुलाला निदान कोपऱ्यावरच्या दुकानात पाठवतात, मुलीला बारा-तेरा वर्षांची झाल्यावर शाळेतूनही काढतात. स्वतंत्र जगण्याच्या प्रशिक्षणाची गरज जिला सर्वांत जास्त, तिलाच ते सर्वांत कमी मिळतं.

कामाचं काय? सरकारी नोकरीच्या ४ टक्क्यांत चौथा एक टक्का स्वमग्नता, बौद्धिक दिव्यांगत्व, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता या सगळ्यांत मिळून आहे. त्यातही बौद्धिक दिव्यांग तरुणाला जमतील अशा शिपाई-मदतनीस दर्जाच्या जागा कंत्राटाकडे गेल्या. खासगी उद्योगांवर कायद्याची सक्ती नाही. कामगारांत किमान ५ टक्के दिव्यांग असतील तर प्रोत्साहन देण्याची तरतूद तेवढी आहे. मग उरते ती कार्यशाळा. दिवाळीच्या पणत्या, राख्या, कागदी पिशव्या, फायली. या कामाला मी कमी लेखत नाही. सकाळी निघायची जागा, सवंगडी, महिनाअखेर पाकिटात आलेले चार पैसे यांची किंमत ज्या घरात असा तरुण आहे त्याला विचारावी. पण पणत्यांचा धंदा दिवाळीला असतो आणि माणूस बारा महिने जगतो. पुण्यात सिंधुताई जोशी यांच्या ‘कामायनी’ने उद्योगांकडून सुट्या भागांची, जोडणीची, पॅकिंगची कामं मिळवण्याचा रस्ता धरला. कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांच्या ‘हेल्पर्स ऑफ द हॅन्डिकॅप्ड’ने तर सिंधुदुर्गात काजूप्रक्रियेचा उद्योगच उभारला, दिव्यांगांच्या हातांनी चालणारा.

नाशिकला हे जमायला काय हरकत आहे? सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक वसाहतींत मोजणं, वेगळं करणं, पिशव्यांत भरणं ही कामं रोजची आहेत. निफाड-दिंडोरीच्या द्राक्ष पॅकहाउसांत हंगामात माणसं मिळत नाहीत. एकसारखं काम कंटाळा न करता, नेमकेपणाने करणं ही स्वमग्न तरुणांतल्या अनेकांची ताकद आहे. जगात १९८० च्या दशकापासून एक पद्धत रुजली आहे: आधी प्रशिक्षण आणि मग नोकरी असा क्रम उलटा करायचा. तरुणाला थेट खऱ्या कामावर घ्यायचं आणि पहिले काही आठवडे एक प्रशिक्षक त्याच्या शेजारी उभा करायचा. तो हळूहळू मागे सरकतो. त्या प्रशिक्षकाचा पगार कोणी द्यायचा एवढाच खरा प्रश्न आहे. महापालिका आणि जिल्हा परिषदेने दिव्यांगांसाठी राखून ठेवायच्या ५ टक्के निधीतून तो देता येईल. हा निधी साहित्यवाटपाच्या मंडपात संपण्यापेक्षा अशा दहा प्रशिक्षकांच्या पगारावर खर्च झाला तर त्यातून कायमची कमाई उभी राहील.

कमाईच्या वाटेत आपणच एक अडथळा घालून ठेवला आहे. संजय गांधी निराधार योजनेतून दिव्यांगांना मिळणारे दरमहा १५०० रुपये राज्याने २०२५ मध्ये २५०० केले, ही स्वागत करावी अशी वाढ. पण पात्रतेची अट कुटुंबाच्या वार्षिक ५० हजार रुपये उत्पन्नाची आहे. म्हणजे सज्ञान माणसाचा हक्क त्याच्या वडिलांच्या पगारावरून मोजायचा. आणि तो स्वतः महिन्याला पाच हजार कमवायला लागला तर अनुदान जाईल म्हणून घरच्यांनी त्याला घरीच बसवायचं. सज्ञान दिव्यांग व्यक्तीचं उत्पन्न तिचं स्वतःचं धरावं, आणि कमाई सुरू झाल्यावर अनुदान एका फटक्यात न तोडता टप्प्याटप्प्याने कमी करावं. नियमातला हा बदल मुंबईतून व्हायला हवा, नाशिकमधून त्याची मागणी तरी नीट व्हावी.

राहायच्या जागेची गोष्ट सर्वांत नाजूक. नाशिकजवळ पिंपळगाव बहुला इथे विद्या फडके यांनी उभं केलेलं ‘घरकुल’ बौद्धिक दिव्यांग मुली आणि महिलांचं घर आहे. डोंबिवलीजवळ खोणी गावात अमेय पालक संघटनेने, म्हणजे आईवडिलांनीच, याच नावाचं घर आपल्या प्रौढ मुलांसाठी बांधलं. अविनाश बर्वे सरांनी त्यात आयुष्य घातलं. नावातच घर आहे आणि दोन्ही ठिकाणी तसं जगणं आहे. अशी घरं सगळी मिळून मूठभर. माझ्या मनात एक वेगळा टप्पाही आहे: आईवडील हयात असतानाच मुलाने महिन्यातले चार दिवस दुसरीकडे राहून पाहणं. सिडकोत किंवा इंदिरानगरात भाड्याच्या साध्या फ्लॅटमध्ये तीन-चार तरुण आणि एक सोबतीण किंवा सोबती. शेजारी पोळीभाजी केंद्र, खाली किराणा दुकान, कोपऱ्यावर बसथांबा. सोसायट्या पहिल्यांदा कुरकुर करतील. अविवाहित मुलांनाही त्या घर देताना करतातच. पण आईच्या निधनाच्या तेराव्या दिवशी अनोळखी वसतिगृहात नेऊन सोडलेल्या चाळीस वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांतला गोंधळ ज्याने पाहिला आहे, त्याला ही सवय आधी का लावायची ते सांगावं लागत नाही.

हे सगळं शहरातलं झालं. जिल्ह्यात पंधरा तालुके आहेत. सुरगाणा किंवा पेठच्या पाड्यावरच्या मुलाला ओळखपत्राच्या तपासणीसाठी जिल्हा रुग्णालयात यायचं तर घरातल्या एकाचा रोज बुडतो आणि अख्खा दिवस जातो. तारीख पुढची मिळाली तर पुन्हा तेच. एसटीत दिव्यांगांना ७५ टक्के सवलत आहे, पण एसटी वस्तीपासून दोन कोसांवर थांबते. एक मात्र मान्य करायला हवं: शेताच्या घरात अशा मुलाला काम मिळतं. शेळ्या राखणं, पाणी भरणं, कांदा निवडणं यांत तो घराचा एक हात असतो. शहरातल्या फ्लॅटमध्ये रिकामा बसलेला मुलगा त्याच्याहून जास्त परावलंबी असतो. पाड्यावरच्या त्या कामाला मोबदला आणि त्याच्या नावाचं खातं जोडलं, तर आश्रमशाळेनंतरची त्याची वाट तिथूनच काढता येईल. त्याला नाशिकला आणून वसतिगृहात ठेवणं हा एकच मार्ग नव्हे.

शहराला सध्या एक संधी आहे आणि ती पुन्हा बारा वर्षांनी येईल. २०२७ च्या सिंहस्थासाठी रस्ते, घाट, पूल, पदपथ नव्याने होत आहेत. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी प्रकरणात स्पष्ट केलं की सुगम्यतेचे निकष केवळ शिफारस म्हणून ठेवता येणार नाहीत, त्यातले किमान निकष सक्तीचे हवेत. नवा पदपथ होताना उतार आणि स्पर्शपट्टी घातली तर खर्च नगण्य, नंतर फोडून घालायची तर कितीतरी जास्त. सिटीलिंकच्या बसमध्ये पुढचा थांबा मोठ्याने सांगितला जातो का आणि फलकावर ठळक दिसतो का, यावर अंध किंवा कर्णबधिर मुलगी कॉलेजला एकटी जाईल की भावाच्या गाडीवर, हे ठरतं. दिव्यांगांना शिकवलेलं सगळं बसथांब्यापाशी येऊन अडत असेल तर दोष शिकवण्यात नाही.

जिल्हा परिषदेच्या आणि महापालिकेच्या दिव्यांग कक्षाने येत्या शैक्षणिक वर्षापासून एवढं करावं: जिल्ह्यातल्या विशेष शाळा आणि सर्वसाधारण शाळांत शिकणाऱ्या, चौदा वर्षं पूर्ण केलेल्या प्रत्येक दिव्यांग मुलाची यादी काढावी. प्रत्येकामागे एका शिक्षकाचं नाव असावं. ओळखपत्र, बँक खातं, पालकत्वाचा अर्ज, प्रवास, आवडीचं काम, राहण्याची सोय अशा सहा रकान्यांचा एक कागद त्या मुलासमोर बसून दर सहा महिन्यांनी भरावा, आणि वयाच्या पंचविशीपर्यंत तो बंद करू नये. मुलाला बोलता येत नसेल तर चित्रं दाखवून विचारावं. कागदाच्या शेवटी सही त्याचीच, अंगठा असला तरी चालेल.